होमब्रू जगासाठी दीर्घायुषी एल्फ घडवताना

होमब्रू जगात, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र साकारत खेळायच्या खेळासाठी स्वतः रचलेल्या जगात, एल्फ (माणसासारखे दिसणारे, टोकदार कानांचे दीर्घायुषी लोक) आणायचे ठरले की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, पहिल्यांदा वयाचा आकडा लिहून टाकतात, आणि तो साधारणपणे सातशे किंवा हजार असा गोल असतो. त्यानंतर कान, डोळे, धनुष्ये, जंगल आणि महाल यांची वर्णने येतात, आणि तो आकडा एका कोपऱ्यात तसाच पडून राहतो. माझे म्हणणे असे आहे की हा आकडा सर्वात शेवटी पक्का करावा. इतके दीर्घ जगणारा समाज मुले किती होऊ देतो, धोका किती पत्करतो, काय विसरतो आणि अधिकाराची जागा कोण कधी सोडतो, या चार गोष्टी आधी ठरवाव्यात. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंना वय कधीच दिसत नाही. त्यांना दिसतात ते या चार गोष्टींचे परिणाम.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच एक खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून एल्फ त्यात आहेत. शतकानुशतके जगणाऱ्या एल्फांनी सगळे जग ताब्यात का घेतले नाही, या प्रश्नाला जुन्या आवृत्त्यांनी नियमाच्या जोरावर उत्तर दिले होते: मानवेतर पात्रांना बहुतेक व्यवसायांत (योद्धा, जादूगार अशा पात्रप्रकारांत) ठरावीक लेव्हलच्या, म्हणजे कसबाच्या पायरीच्या, वर जाताच येत नसे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली आणि ते योग्यच झाले, कारण आवडीचे पात्र निवडल्याबद्दल खेळाडूने किंमत का मोजावी? मात्र त्यामुळे मूळ प्रश्न जग रचणाऱ्याकडे परत आला. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत एल्फाचे शरीर माणसाइतक्याच वयात पूर्ण वाढते, शंभरीच्या सुमारास तो स्वतःला प्रौढ म्हणवतो आणि साडेसातशे वर्षांपर्यंत जगू शकतो, असे सांगितले आहे. त्यातून उभा राहणारा समाज आपल्याला रचायचा असतो.

साडेसातशे वर्षे म्हणजे किती, हे प्रथम मनात नीट उतरवून घ्यावे. इतक्या वयाचा एल्फ आज आपल्यात असता, तर १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा तो पंधराएक वर्षांचा असता. १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला आली ती त्याने भर तारुण्यात पाहिली असती, १७६१ ची पानिपताची बातमी त्याला मध्यमवय सरताना कळली असती, आणि १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली तेव्हा त्याच्या आयुष्याची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे अजून बाकी असती. हे सगळे एका व्यक्तीच्या आठवणीत, एकाच घरात राहून घडलेले. आपल्या जगाची कालरेषा कागदावर काढावी आणि तिच्यावर सर्वात वृद्ध जिवंत एल्फाच्या आयुष्याची एक आडवी रेघ ओढावी. त्या रेघेखाली जितके राजवंश, युद्धे आणि साथीचे रोग येतील तितके कोणाला तरी प्रत्यक्ष आठवतात, हे त्या क्षणापासून आपल्यावर बंधनकारक होते.

आता संख्येकडे वळू. उदाहरणासाठी तीन हजार एल्फांची एक वसाहत घेऊ आणि तिला नीरखोरे म्हणू. कमाल आयुष्य साडेसातशे वर्षे आणि दर वर्षी हजारात एक अकाली मृत्यू असे धरले, तर सरासरी आयुष्य पाचशेच्या थोडे वर जाते. लोकसंख्या स्थिर राहायची असेल तर इतक्या वसाहतीत वर्षाला जेमतेम सहा मुले जन्माला येतात. सरासरी चाळीस वर्षे जगणाऱ्या तीन हजार माणसांच्या गावात हाच आकडा पंच्याहत्तर असेल. म्हणजे नीरखोऱ्यात पंधरा वर्षांखालची मुले सगळी मिळून ऐंशी-नव्वद. प्रत्येक मुलाचे नाव सर्वांना ठाऊक असते, प्रत्येक बारसे हा सबंध खोऱ्याचा सण असतो आणि एक मूल हरवले तर अर्धी वसाहत रानात उतरते. खेळाडूंचा गट अशा वेळी तिथे पोहोचला, तर एल्फांच्या दीर्घायुष्याबद्दल एक शब्दही न बोलता त्यांना ते कळते.

मुलांचे प्रमाण कमी का राहते, याचे कारणही द्यावे लागते. प्रत्येक एल्फ स्त्रीला चार मुले होऊन ती जगत असतील आणि दर शंभर वर्षांनी नवी पिढी येत असेल, तर एक हजार एल्फांचे दोन हजार वर्षांत शंभर कोटींहून अधिक एल्फ होतात. निसर्गात यावर उपाय दिसतात. २०१६ साली ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यातील भिंगांवरून काढलेल्या अंदाजानुसार हा मासा किमान २७२ वर्षे जगू शकतो आणि प्रजननाच्या वयात यायला त्याला सुमारे दीडशे वर्षे लागतात. एल्फांनाही असा संथ देह देता येईल. पण मला सामाजिक कारण अधिक उपयोगी वाटते, कारण देहाच्या नियमाशी कोणी भांडू शकत नाही, समाजाच्या नियमाशी भांडता येते. नीरखोऱ्यात मूल होऊ देण्यासाठी पंचांची संमती लागते असे ठरवले, की संमतीविना जन्मलेले मूल, ते लपवणारी आजी आणि ते शोधणारा कारभारी ही तीन पात्रे आपोआप उभी राहतात.

वर गृहीत धरलेला हजारात एक हा आकडा फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो विसरला जातो. म्हातारपण आले नाही तरी झाड अंगावर पडते, पूर येतो, बाळंतपण बिघडते, लढाईत बाण लागतो. अशा मृत्यूंचे प्रमाण वर्षाला शंभरात एक असेल, तर सातशे वर्षे पूर्ण करणारा एल्फ हजारात एकसुद्धा सापडणार नाही आणि पुस्तकातले साडेसातशे वर्षांचे आयुष्य केवळ कागदावर राहील. प्रमाण हजारात एकावर आणले तर सातशेपर्यंत जवळजवळ निम्मे पोहोचतात. त्यामुळे ज्या समाजात सहाशे-सातशे वर्षांचे वृद्ध सर्रास भेटतात, तो समाज धोक्याबाबत कमालीचा जपून वागणारा असलाच पाहिजे. त्याच्या विहिरींना उंच कठडे असतील, नदीवरचा पूल दर वर्षी तपासला जाईल, आजारी प्रवाशाला शिवेबाहेरच्या घरात ठेवले जाईल आणि युद्धात स्वतः उतरण्यापेक्षा तह, खंडणी किंवा भाडोत्री सैन्य यांना पसंती मिळेल. एल्फ गर्विष्ठ असतात ही नेहमीची समजूत शेजारच्या माणसांनी या सावधपणाचा लावलेला अर्थ आहे, असे मी माझ्या जगात ठरवले आहे, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंचे वागणे समजण्याजोगे झाले.

याच ठिकाणी प्रत्येक टेबलावर कधी ना कधी निघणारा प्रश्न सुटतो: एकशेवीस वर्षांचा एल्फ आणि वीस वर्षांचा माणूस दोघेही पहिल्या लेव्हलवर कसे? एल्फ हळू शिकतात हे उत्तर टिकत नाही, कारण कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी कथा) सुरू झाल्यावर तोच एल्फ माणसाच्या बरोबरीने वर्षभरात आठव्या लेव्हलवर जातो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपले उत्तर खोटे पडते. ऐंशी वर्षांचे बालपण हे उत्तर त्याहून गैरसोयीचे आहे, कारण मग इतकी वर्षे त्या मुलांना सांभाळणाऱ्या समाजाची घडी वेगळी बसवावी लागते आणि शंभरीतले पात्र अर्धवट बालिश वाटते. लेव्हल म्हणजे जिवावरच्या प्रसंगांतून आलेली तयारी असे धरले, तर जपून जगणाऱ्या समाजातल्या तरुणाकडे ती नसणे स्वाभाविक ठरते. त्याला तीन भाषा येतात, वीणा उत्तम वाजवता येते, हजार झाडे पाल्यावरून ओळखता येतात; परंतु आपल्यावर धावून आलेल्या रानडुकराकडे तोंड करून त्याने कधी भाला धरलेला नसतो.

तिसरा धागा विसरण्याचा. एल्फाच्या मनात कौशल्ये किती काळ टिकतात हे ठरवा. माझ्या मते एका माणसाच्या आयुष्याएवढे कसब एका वेळी मावते, आणि नवे भरत गेले की न वापरलेले जुने गळत जाते, हा नियम सर्वात सोयीचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी उत्तम तलवारबाज असलेली एल्फ स्त्री आज गेली दीडशे वर्षे काच ओतते आहे; तलवार हातात घेतल्यावर पवित्रा ओळखीचा वाटतो, हात मात्र मागे पडतो. अशा पात्राला पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायला पूर्वायुष्य कापून टाकावे लागत नाही, आणि पुढे लेव्हल वाढताना तिला जुने काही परत सापडते आहे असे वर्णन करता येते.

घटनांची स्मृती हा याहून मोठा विषय आहे आणि दीर्घायुषी एल्फांचे जग त्यावरच तरते किंवा बुडते. आपल्या जगांत नेहमी एखादे बुडालेले साम्राज्य असते, त्याचे अवशेष असतात, आणि ते का बुडाले हे कोणालाच माहीत नसते. हे साम्राज्य सहाशे वर्षांपूर्वी बुडाले असेल, तर वर मांडलेल्या हिशोबाने नीरखोऱ्यात त्याआधी जन्मलेले चारशेहून अधिक एल्फ आज हयात आहेत. त्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी जाऊन विचारू, असे चलाख खेळाडू दुसऱ्याच सेशनमध्ये (खेळाच्या बैठकीत) म्हणतो, आणि त्याचे म्हणणे रास्त असते. माणसांच्या जगात प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून ज्याने ऐकले तोही मेला की घटना काळाच्या पडद्याआड जाते, आणि त्याला दीडशेएक वर्षे पुरतात. एल्फांच्या जगात त्यासाठी चौदाशे-पंधराशे वर्षे लागतील. म्हणून खरोखर अज्ञात राहायला हवे असे जे काही असेल ते कालरेषेवर किमान दोन हजार वर्षे मागे ढकलावे. उरलेल्या सर्व घटनांना साक्षीदार आहेत हे मोकळेपणाने मान्य करावे आणि त्या साक्षीदारांनाच कथेत आणावे.

साक्षीदार असला म्हणजे सत्य हाती आले असे होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले की माणूस आठवतो तेव्हा साठवलेली प्रत जशीच्या तशी बाहेर काढत नाही, तो प्रत्येक वेळी ती नव्याने रचतो आणि रचताना आपल्या समजुतीला जुळेल असे बदल करतो. चारशे वर्षांत शेकडो वेळा सांगितलेली आठवण किती गुळगुळीत झाली असेल याचा विचार करावा. त्यात तो वृद्ध एल्फ त्या घटनेत स्वतः एक पक्षकार असतो: तहावर त्याची सही असते, आगीच्या रात्री पहारा त्याचा असतो. मराठेशाहीत वतनाचे आणि शिवेचे तंटे गोतसभेपुढे चालत, जाणत्या लोकांच्या साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. साक्षीदार म्हणून उभी राहिलेली व्यक्ती मूळ हद्दीचा दगड रोवताना हजर असलेलीच निघाली, आणि तिचे शेत त्या हद्दीला लागून असले, तर सभेची काय अवस्था होईल ते डोळ्यांसमोर आणावे.

टेबलावर हे चालवण्यासाठी प्रत्येक वृद्ध एल्फाकरिता तीन ओळी लिहाव्यात: प्रत्यक्षात काय घडले, त्याला काय आठवते आणि तो काय सांगेल. नीरखोऱ्यातली इरुवेल घेऊ. तिचे वय चारशे बारा आहे आणि ओढ्यावरचा बंधारा तीनशे चाळीस वर्षांपूर्वी बांधला गेला. प्रत्यक्षात खालच्या माणसांच्या गावाने निम्मे श्रम दिले होते आणि त्या बदल्यात पाटाचे पाणी एक रात्र त्यांना, एक रात्र एल्फांना असे ठरले होते. इरुवेलला आठवते ते असे की दुष्काळाच्या वर्षी आपण दया येऊन गावाला पाणी दिले. गावकऱ्यांनी वाहिलेले दगड तिच्या आठवणीतून केव्हाच नाहीसे झाले आहेत. आणि खेळाडूंना ती एवढेच सांगेल की लिखित करार पुरात वाहून गेला, जे खरे आहे. ती खोटे बोलत नाही. प्रामाणिकपणा ताडण्यासाठी खेळाच्या नियमाप्रमाणे फासे टाकले तर ती प्रामाणिकच ठरली पाहिजे, आणि गेम मास्टरने इथे कच खाऊ नये. सत्य शोधायचे तर गावातल्या ओव्या ऐकाव्या लागतील, बंधाऱ्याच्या दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा मोजाव्या लागतील आणि खोऱ्यात इरुवेलशी न पटणारा दुसरा वृद्ध गाठावा लागेल. तीन ओळींतून दोन सेशनचा ऐवज मिळतो.

सत्तेच्या आणि मालमत्तेच्या बाबतीत सूत्र एकच आहे: जागा रिकामी होत नाही. नीरखोऱ्याचा कारभारी तीनशे वर्षांचा असेल तर त्याच्या मुलीला त्या पदासाठी आणखी चार शतके थांबावे लागेल. पुत्र पुरूकडून तारुण्य मागून घेणाऱ्या ययातीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. एल्फांच्या समाजात प्रत्येक घर कमीअधिक प्रमाणात तसे असते, आणि तिथे शाप लागत नाही, केवळ निरोगी आईबाप पुरतात. यावर समाजाने काढलेला तोडगा ठरवा. पदाची मुदत पन्नास वर्षांची असू शकते, अडीचशे वर्षांनी घर, नाव आणि धंदा सोडून नव्याने सुरुवात करण्याची रीत असू शकते, किंवा तोडगाच नसेल आणि वीस ते एकशेवीस वयाचे पाचशेहून अधिक तरुण घुसमटत असतील. हा तिसरा पर्याय मला सर्वात जिवंत वाटतो, कारण खेळाडूंच्या गटात सामील होणारा एल्फ घर का सोडतो याचे उत्तर त्यात आहे: त्याच्यासाठी घरात करण्याजोगे काही उरलेलेच नाही.

पैशाचेही तसेच आहे. दोन टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेली रक्कम पाचशे वर्षांत सुमारे वीस हजार पट होते. एखाद्या एल्फ सावकाराने माणसांच्या एका घराण्याला कर्ज दिले, तर वीस पिढ्या त्याच सावकाराच्या दारात त्याच वहीवर अंगठा उठवत राहतील. माणसांची राज्ये हे निमूटपणे सहन करणार नाहीत. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम सांगतो की व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. आपल्या जगातल्या एखाद्या राजाने असाच कायदा खास एल्फ धनकोंसाठी केला असेल, आणि एल्फ त्यातून वाट काढण्यासाठी माणूस मुनीम नेमत असतील. एवढ्यावरून सीमेवरच्या शहराचे सगळे राजकारण रचता येते.

एकाकीपणाबद्दल थोडे सावध राहावे. दीर्घायुष्य म्हटले की आपल्या मनात अश्वत्थामा येतो, भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा, आणि तेच दुःख एल्फांच्या गळ्यात घालण्याचा मोह होतो. परंतु अश्वत्थामा एकटा आहे. एल्फाच्या भोवती त्याच्याइतकेच जगणारे आईबाप, भावंडे आणि शेजारी आहेत. नीरखोऱ्यात राहणाऱ्या एल्फाला मित्र गमावण्याचे दुःख माणसापेक्षा क्वचितच भोगावे लागते, आणि म्हणूनच वर्षाकाठी होणारे तीन अकाली मृत्यू तिथे सगळ्यांना हादरवून टाकतात. माणसांच्या शहरात स्थायिक झालेल्या एल्फाची गोष्ट वेगळी, आणि अर्धएल्फाची (माणूस आणि एल्फ यांच्या अपत्याची) त्याहून वेगळी. तिथे हे दुःख अवश्य वापरावे.

वेशभूषा, आहार, झोपेऐवजी ध्यान, घरांची रचना यांवर फार वेळ घालवू नये. वरचे निर्णय झाले की ती उत्तरे सुचत जातात: दीडशे वर्षे टिकणारे जोडे शिवणारा चांभार, आपणच लावलेल्या सागाच्या तुळया घरासाठी तोडणारा सुतार, शंभर वर्षांच्या भांडणानंतर एकाच पंगतीला बसलेल्या दोन बहिणी.

शेवटी हे सगळे खेळाडूंपर्यंत एका पानात पोहोचवावे, कारण वीस पानांचा इतिहास कोणी वाचत नाही. त्या पानावर जन्मांची संख्या, धोक्याबद्दलची वृत्ती, विसरण्याचा नियम आणि पदे रिकामी होण्याची रीत एवढे असावे, आणि वयाचा आकडा त्यांच्याशी जुळवून आता लिहावा. मग एल्फ निवडणाऱ्या खेळाडूला कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे स्वतःजवळ लिहून ठेवावीत. तुला पूर्वी उत्तम येत असलेले आणि आता विसरलेले असे काय आहे? खोऱ्यात तुझ्या वाट्याची जागा कोणी अडवून ठेवली आहे? आणि तू प्रत्यक्ष पाहिलेली, माणसांच्या लेखी इतिहासजमा झालेली अशी कोणती घटना आहे, जिच्याबद्दल तू आजवर सांगत आलेली हकीकत पूर्ण खरी नाही? तिसऱ्या उत्तरासाठी खेळाडूला घाई करू नये. ते चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत आले तरी चालते, आणि ते आल्याबरोबर त्या घटनेचा दुसरा एक साक्षीदार आपल्या कालरेषेवर जिवंत ठेवावा.